शेशख: उलट्या अक्षरांतले बाबेल

बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात, पंचविसाव्या अध्यायात, देवाच्या क्रोधाचा प्याला एकेका राजाला पाजला जातो. मिसर, अदोम, मवाब, सोर, सीदोन अशी नावे येत जातात आणि सर्वांत शेवटी पितो तो शेशखचा राजा. या नावाचे शहर नकाशात शोधून सापडत नाही.

ते सापडते हिब्रू वर्णमालेत. तिच्यात 22 अक्षरे आहेत. पहिल्याऐवजी शेवटचे लिहायचे, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरे, आणि असेच पुढे. आलेफला ताव, बेथला शीन; याच जोड्यांवरून या रीतीला ‘अतबाश’ म्हणतात. बाबेल, म्हणजे बॅबिलोन, लिहायचे तर ब-ब-ल. त्यातल्या ‘ब’चा होतो श आणि ‘ल’चा ख. झाले शेशख! एक्कावन्नाव्या अध्यायाच्या आरंभी तर याहून सरस करामत आहे. तिथले ‘लेब-कामाय’ उलटवले की ‘कसदीम’, म्हणजे बाबेलचे खास्दी लोक. शिवाय त्या सांकेतिक शब्दांना स्वतःचाही अर्थ आहे: माझ्यावर उठणाऱ्यांचे हृदय.

बाबेलच्या धाकाने नाव लपवले, असे पुष्कळदा सांगतात. मला ते पटत नाही. त्याच अध्यायाच्या 41व्या वचनात शेशख आणि बाबेल शेजारी-शेजारी उभे आहेत. लपवायचे असते तर असे कोण लिहील? प्राचीन ग्रीक भाषांतरात शेशख दोन्ही ठिकाणी नाही, त्यामुळे हे नाव मागाहून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पाचव्या शतकात बेथलेहेममध्ये बसून यिर्मयावर भाष्य लिहिणाऱ्या जेरोमने याचा उलगडा अगदी साधा केला: मुले वर्णमाला पाठ करताना पहिले-शेवटचे अक्षर जोडून घोकतात, तीच ही रीत. शाळकरी मुलाला येणारी गोष्ट गुपित कशी ठरेल?

मला यात शाप दिसतो. इ. स. पूर्व 586च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, माणसे बाबेलला नेली. त्या दुःखावरच्या विलापगीतांतही पहिल्या चार अध्यायांत कडवी वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत. राज्य गेलेल्या या लोकांच्या हाती अक्षरे उरली होती. त्यांनी शत्रूच्या राजधानीचे नावच उलथे केले. त्या नावावरचा हा एकमेव घावही नव्हे. अक्कादी भाषेत शहराचे नाव ‘बाब-इलिम’, देवाचे दार. उत्पत्तीच्या ग्रंथाने ते ‘बालाल’ या क्रियापदाशी, म्हणजे गोंधळ करण्याशी जोडले आणि बुरुजाची कथा सांगितली.

बाबेल इ. स. पूर्व 539मध्ये पारसिक सम्राट कोरेशाने घेतले. पुढे कैक शतकांनी त्याच भूमीत राहणाऱ्या यहुदी पंडितांचा तालमूद तयार झाला. बाबेलचा राजा बेलशस्सर याच्या महालातल्या भिंतीवर गूढपणे उमटलेली अक्षरे तिथल्या ज्ञान्यांना का वाचता आली नाहीत, याची चर्चा त्यात आहे. तिथले एक उत्तर असे: ती अतबाशमध्ये लिहिलेली होती.