गल्ल्यापलीकडचं दुकान (भाग 9) : पत्त्यांची वही

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात घालून वाटायच्या हँडबिलांचा हिशेब मांडला. हँडबिल कोणाच्या हातात पडलं हे दुकानदाराला कधीच कळत नाही, हा त्यातला मोठा तोटा. आज त्याच्या उलट टोकाला जाऊ. नाव घालून, तिकीट लावून थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाणारं पत्र.

"आता पत्रं वाचतं कोण?" ही शंका रास्त आहे. पण घरी येणारं टपाल आठवून बघा. बँकेचं पाकीट, विम्याची आठवण, सोसायटीची नोटीस. त्यात हाताने नाव घातलेलं पाकीट आलं, तर ते उघडलं जाण्याची शक्यता बरीच. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल, तर साध्या ब्रॉडकास्टचा निरोप ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर किती जण सेव्ह करून ठेवतात?

टपालाने धंदा वाढवण्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे माँटगोमेरी वॉर्ड. 1872 साली शिकागोतून त्यानं एका कागदावर छापलेली मालाची यादी शेतकऱ्यांना धाडली आणि पुढे त्याचा जाडजूड कॅटलॉग झाला. पण वॉर्डला अनोळखी माणसाला माल विकायचा होता. छोट्या दुकानदाराचं काम सोपं आहे. एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा बोलवायचं, बस.

टपालाने जाहिरात करण्याच्या धंद्यातल्या एड मेयर नावाच्या अमेरिकन जाणकाराचा एक ठोकताळा आहे. यशातला 40 टक्के वाटा यादीचा, 40 टक्के देऊ केलेल्या गोष्टीचा आणि उरलेला 20 टक्के मजकूर-सजावटीचा. आकडे काटेकोर धरू नका, क्रम मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे सगळं उलटं चालतं. आधी डिझायनर, मग गुळगुळीत कागद, आणि पत्ते कुठून आणायचे हे शेवटी.

चष्म्याचं दुकान घेऊ. चष्मेवाल्याच्या बिलबुकात नाव असतं, नंबर असतो, तारीख असते. वर्ष-दोन वर्षांनी डोळे पुन्हा तपासायला हवेत हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. राहून जातं इतकंच. त्या तारखेवर बोट ठेवणारं पत्र असं लिहिता येईल: "देशपांडेकाका, गेल्या वर्षी मार्चमध्ये आपण आमच्याकडून वाचायचा चष्मा केला होता. नंबर तोच आहे का, हे एकदा बघून घेऊ. 10 ते 20 तारखेत कधीही या. तपासणीचे पैसे नाहीत. नोजपॅड आणि स्क्रू त्याच वेळी बदलून देतो. हे पत्र सोबत आणा." खाली मालकाची शाईची सही. एवढंच. "भव्य", "धमाका", "मर्यादित कालावधी" हे शब्द आले की काकांचं पत्र संपलं आणि जाहिरात सुरू झाली.

आता पोस्टाच्या खिडकीवरचा एक खड्डा. पोस्टकार्ड 50 पैशांचं म्हणून लोक हजार कार्डं छापून घेतात. ते 50 पैसे हाताने लिहिलेल्या कार्डाचे. मजकूर छापलेल्या कार्डाचा दर 6 रुपये आहे, आणि 20 ग्रॅमपर्यंतचं बंद पाकीट 5 रुपयांत जातं. म्हणजे उघड्या छापील कार्डापेक्षा पाकीट स्वस्त! वीस-पंचवीसच पत्रं असतील तर बसून कार्डं हातानेच लिहा. त्याहून जास्त असतील तर पाकीट. छपाईला टाकण्याआधी दर मात्र खिडकीवर एकदा विचारून घ्या.

खर्च किती? 300 पत्रं धरू. तिकिटांचे 1,500, कागद-पाकीट-छपाईचे प्रत्येकी 3 रुपये धरले तर 900. एकूण 2,400. एका चष्म्यामागे 400 रुपये सुटत असतील तर सहा गिऱ्हाइकं आली की खर्च निघाला. तीनशेत सहा. हा आकडा आधी काढा, मगच छापखान्यात जा. एका नगामागे 20 रुपये सुटणाऱ्या वस्तूसाठी हे गणित बसणार नाही. किराणावाल्यानं या वाटेला जाऊ नये असंच माझं मत आहे. साड्या, चष्मे, शिलाई मशीन, पुस्तकं, सायकली यांना ते जमतं.

सगळी पत्रं एकाच दिवशी एकाच मजकुराची टाकू नका. दीडशे पत्रांत मोफत तपासणी लिहा, दीडशेत फ्रेमवर सूट. एका गठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक खूण करा. गिऱ्हाईक पत्र घेऊन आलं की कोणता डाव लागला ते कळतं. जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्सनं 1923च्या आपल्या पुस्तकात कूपनांवर खुणा घालून हेच करायला सांगितलं होतं. शंभर वर्षांत त्याहून स्वस्त युक्ती निघालेली नाही.

पाकिटावर आपला पत्ता घाला, म्हणजे न पोचलेली पत्रं परत येतील. त्यांच्यावर "पत्ता अपुरा", "घर सोडून गेले" असे पोस्टमनचे शेरे असतात. वैतागू नका, वही काढा आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त करा. वारलेल्या माणसाच्या नावे दुसऱ्यांदा पत्र गेलं तर ते घर कायमचं तुटतं.

पत्ते पिनकोडप्रमाणे लावा. 15 ऑगस्ट 1972ला सुरू झालेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचे कवीही होते. पिनचे शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. पुण्यात 411030 म्हणजे सदाशिव पेठ, 411038 म्हणजे कोथरूड. कुठल्या भागातून माणसं येतात आणि कुठून येत नाहीत, हे दोन खेपांत दिसू लागतं.

आणि पत्ते विकत घेऊ नका. यादी कॉम्प्युटरवर ठेवणार असाल तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी परक्याची यादी परकीच. बिल करताना "कधी पत्र पाठवलं तर चालेल ना?" एवढं विचारा आणि होकार आला की पत्ता लिहून घ्या.

पुढच्या भागात उधारीची वही. तोवर गेल्या दोन वर्षांची बिलबुकं काढा आणि पूर्ण पत्ता असलेली नावं किती निघतात ते मोजा. पन्नासच्या आत असतील तर पत्रांचा विचार सहा महिने पुढे ढकला आणि आजपासून पत्ते लिहायला लागा.