किल्ली मूक झाली, नांव राहिलें

आपल्याकडे नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल जुनी आहे. परंतु त्या नांवानें त्याला घरांत हाक मारण्याची पंचाईतही तितकीच जुनी. आजीला तें नांव घेतां येत नाहीं, आणि सुनेला सासऱ्याच्या नांवानें मुलाला रागें भरवत नाहीं. मग 'बाळ', 'बापू', 'नाना' असें कांहीं तरी पडतें, आणि खरें नांव मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेपुरतें उरतें. तरी तें घरांतच राहतें, परक्याच्या दारीं जात नाहीं. बिनतारी संदेशांचा छंद करणाऱ्या हौशी मंडळींत मात्र मृताचें नांव कधीं कधीं सर्वस्वीं अपरिचित माणसाकडे जातें, आणि तें कायद्यानें जातें.

हें नांव म्हणजे 'कॉल-साइन'. परवाना देतांना सरकार प्रत्येक हौशी माणसाला कांहीं अक्षरें व एक आंकडा मिळून एक खूण नेमून देतें. आरंभींच्या अक्षरांवरून देश कळतो. भारताचीं 'व्हीयू', अमेरिकेचीं 'डब्ल्यू', 'के' वगैरे. एका वेळीं त्या खुणेचा धनी जगांत एकच. मोर्सच्या लिपींत ती रात्रंदिवस वाजून मित्रांच्या कानांत इतकी बसते कीं, जिन्यावरच्या पावलांवरून घरचें माणूस ओळखावें, तशी ती अक्षरें न जुळवतांच ओळखूं येते. असा कोणी निवर्तला म्हणजे हे लोक त्याला 'सायलेंट की', म्हणजे मूक झालेली किल्ली, म्हणतात. 'वारला' या शब्दाला इतका नेमका पर्याय दुसऱ्या कोणत्या छंदानें काढला असेल, असें मला वाटत नाहीं.

या साऱ्या खुणांत सर्वांत नांवाजलेली खूण म्हणजे 'डब्ल्यू-१-ए-डब्ल्यू'. वृत्तें शिकलेल्या वाचकांस तिची गंमत सहज कळेल. मोर्सच्या लिपींत हिच्या चारही चिन्हांचा आरंभ एका लघूनें होतो आणि पुढें नुसते गुरु येतात: दोन, चार, एक, दोन. एकदां ऐकल्यावर हा ठेका विसरणें कठीण.

हिचा पहिला नामांकित धनी हिराम पर्सी मॅक्सिम. जन्म २ सप्टेंबर १८६९. मॅक्सिम तोफ म्हणून प्रसिद्धीस आलेली यंत्रबंदूक त्याच्या वडिलांची, आणि बंदुकीचा आवाज दाबणारें 'सायलेन्सर' या चिरंजीवांचें. बापानें बंदुकीला बोलकें केलें, मुलानें मुकें. या मुलाला चाळिशीच्या सुमारास बिनतारीचें वेड लागलें. १९१४ सालच्या एप्रिलांत हार्टफर्डहून पंचवीस-तीस मैलांवरील स्प्रिंगफील्डला त्याला संदेश पाठवावयाचा होता. यंत्र चांगलें दणकट होतें, पण संदेश पोंचेना. तेव्हां वाटेवरच्या विंडसर लॉक्स गांवीं राहणाऱ्या एका हौशी गृहस्थाची त्याला आठवण झाली. त्यानें तो संदेश घेऊन पुढें ढकलला. हातोहात निरोप पोंचविण्याची ही साधी युक्ति. तिच्यावरूनच मॅक्सिमनें क्लॅरेन्स टस्का या तरुणास हाताशीं धरून त्याच वर्षीं 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' स्थापिली. १९१५ च्या डिसेंबरांत 'क्यूएसटी' हें मासिक निघालें. तें आजही चालू आहे.

मॅक्सिमचें हें पहिलें नांव नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. प्रथम तो 'एसएनवाय' होता, मग '१-डब्ल्यू-एच', '१-झेड-एम'. १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि सरकारनें सगळीं हौशी केंद्रें बंद केलीं. १९१९ च्या अखेरीस तीं पुन्हां सुरू झालीं तेव्हां त्याला '१-ए-डब्ल्यू' मिळालें. १९२८ च्या ऑक्टोबरापासून आंतरराष्ट्रीय ठरावानुसार देशाचें अक्षर आधीं लागलें आणि 'डब्ल्यू-१-ए-डब्ल्यू' झालें. लग्नांत आपल्याकडील मुलीचें नांव बदलतें, आणि मागून मिळालेल्या नांवानेंच जग तिला ओळखतें, तसाच हा प्रकार.

१९३६ सालच्या फेब्रुवारींत मॅक्सिम कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळा पाहण्यास निघाला होता. खगोलाचाही त्याला नाद होता. वाटेंत घशाचा आजार बळावला. कोलोरॅडोंतील ला हुंटा गांवीं त्याला गाडीतून उतरवून रुग्णालयांत नेलें, आणि १७ तारखेला तेथेंच त्याचें देहावसान झालें. महिनाभरानें कनेक्टिकट नदीला महापूर आला आणि हार्टफर्डच्या ब्रेनर्ड फील्ड विमानतळावर असलेलें लीगचें केंद्र बुडून निकामी झालें. धनी गेला आणि पाठोपाठ घरही गेलें! त्या केंद्राचें नांव 'डब्ल्यू-१-एम-के' होतें. लीगनें तें पुन्हां उभारण्याऐवजीं न्यूइंग्टन येथें मॅक्सिमचें स्मारक म्हणून नवें केंद्र बांधलें आणि सरकारच्या संमतीनें त्याला मॅक्सिमचीच खूण घेतली. २ सप्टेंबर १९३८ रोजीं, त्याच्या जन्मदिनीं, तें विधिपूर्वक सुरू झालें.

ही मोठ्या माणसाची गोष्ट झाली. सामान्य हौशी मनुष्याचें काय होतें? अमेरिकेंत १९९६ पासून आपल्या पसंतीची खूण मागून घेण्याची सोय आहे. त्या नियमांतील एक कलम आपल्या एकत्र कुटुंबांतील मंडळींनीं अवश्य पाहण्यासारखें आहे. मृताची खूण सामान्यतः दोन वर्षें कोणास देत नाहींत. (जणूं त्या नांवाचेंच सुतक!) अपवाद फक्त आप्तांचा, आणि आप्त कोण? पति वा पत्नी, मुलें, नातवंडें, आईबाप, आजीआजोबा, भाऊ-बहीण, काका-मामा, आत्या-मावश्या, पुतणे-भाचे, सावत्र नातीं, आणि लग्नानें जुळलेले सासरे-जावई-दीर-नणंदा देखील. यांपैकीं एकाची लेखी संमति असेल तर एखाद्या मंडळालाही ती खूण घेतां येते. ज्या समाजांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलें, असें आपण समजतों, त्याच्या कायद्यांत ही यादी पाहून मला तरी नवल वाटलें.

दोन वर्षें गेलीं, आप्तांपैकीं कोणी पुढें आलें नाहीं, तर नांव मोकळें होतें आणि कोणीही परका तें मागूं शकतो. कोणी म्हणतात, हा मृताचा अनादर आहे. आमच्या मित्राचा ठेका भलत्याच्या बोटांतून ऐकवत नाहीं. त्यांचें दुःख खरें आहे. पण अडगळींत पडून गंजण्यापेक्षां खूण वाजत राहणें बरें, असें माझें मत. शिवाय चांगला वारसदार हात झटकून मोकळा होत नाहीं. तो छापील जुन्या नामावल्या धुंडाळतो. आपल्या आधीं ही खूण कोणाकोणाची होती, तो कोणत्या गांवचा, हें पाहतो. संभाषणाची पोंच म्हणून हे लोक एकमेकांना टपालानें छापील पत्रें पाठवितात. त्यांपैकीं आधींच्या धन्याचें एखादें हातीं लागलें तर जपून ठेवतो. आणि एखाद्या रात्रीं पलीकडचा म्हातारा जुन्या मित्राच्या नांवानें विचारपूस करूं लागला, तर तो आतां नाहीं हें सांगण्याचें कामही यालाच करावें लागतें. तेवढें धैर्य नसेल त्यानें नवें कोरें नांव घ्यावें.

न्यूइंग्टनच्या केंद्रावरून आज ठराविक वेळीं वार्तापत्रें आणि मोर्सचे धडे प्रसृत होतात. नवशिक्यांसाठीं मिनिटाला पांच शब्दांपासून, जाणत्यांसाठीं पस्तीसपर्यंत. २०१४ मध्यें लीगला शंभर वर्षें झालीं तेव्हां हीच खूण वर्षभरांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतून वाजली. मॅक्सिमचें ठिणगीचें जुनें यंत्र, ज्याला तो लाडानें 'ओल्ड बेट्सी' म्हणे, लीगच्या कचेरींत मानानें ठेवलेलें आहे. जवळच्या केंद्रांत परवाना असलेल्या पाहुण्याला थोडा वेळ बसून स्वतः संदेश पाठवितां येतो. खुर्चीवर बसावयाचें, किल्लीवर बोट ठेवावयाचें, आणि आपलें नांव बाजूला ठेवून म्हणावयाचें: एक लघु, दोन गुरु, एक लघु, चार गुरु...