पट, फड आणि गॅदरिंग

जानेवारी-फेब्रुवारीत धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दिवेलागणीला पोचलं, की आधी कानावर येतो तो माइकचा आवाज. 'हॅलो, हॅलो, माइक चेक.' जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेपुढे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून, वर फळ्या टाकून स्टेज उभं केलेलं असतं. समोर सतरंज्यांवर पोरंसोरं, मागे बायाबापड्या, आणि कडेला मोटारसायकलींना टेकून उभी तरणी मंडळी. शाळेचं गॅदरिंग असतं.

पहिलीतली सहा पोरं नाचायला येतात. दोघं स्टेप विसरतात. एक जण गर्दीत आई कुठे दिसते का, ते बघत नुसताच उभा राहतो, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक नोट हातोहात पुढे सरकत येते. सूत्रसंचालन करणारे गुरुजी गाण्याचा आवाज जरा कमी करायला लावतात आणि पुकारतात, 'या नृत्यासाठी गावच्या किराणा दुकानदारांकडून शाळेला एकावन्न रुपये. धन्यवाद!' लगेच दुसऱ्या बाजूने कुणी तरी एकशे एक देतो, कारण नाचणाऱ्यांत त्याचा पुतण्या असतो. स्टेजच्या कडेला टेबल टाकून बसलेल्या बाई प्रत्येक रक्कम वहीत मांडत जातात. दहा रुपये देणाऱ्या आजीचं नावही माइकवरून तितक्याच जोरात घेतलं जातं.

कार्यक्रम आटोपून मांडव उतरला की दुसऱ्या दिवशी वहीतला हिशोब होतो. या बक्षिसांतून आणि लोकवर्गणीतून कुठे पाण्याचा फिल्टर येतो, कुठे वर्गातला टीव्ही, तर कुठे पुढच्या वर्षी भाड्याने आणावी लागू नये म्हणून साउंड सिस्टीम. पगार, पुस्तकं, तांदूळ ही सरकारची बाजू. त्यापलीकडे जे लागतं, ते बरंचसं अशा रात्रींतून उभं राहतं. म्हणूनच शाळेच्या वर्षभरातल्या कार्यक्रमांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिलं, तर निम्मी गोष्ट सुटते.

साठ आणि एकसष्ट

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे या जिल्ह्याचे आठ तालुके. पाऊस बेभरवशाचा, शेती बव्हंशी त्याच्यावरच. केंद्र सरकारने २०१८ साली देशातले विकासात मागे राहिलेले 'आकांक्षित' जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीबरोबर या जिल्ह्याचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं, नाव त्यात होतं. अशा भागात छोट्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे दोन-तीन खोल्या, एक व्हरांडा, ध्वजस्तंभ, लिंबाचं झाड आणि स्वयंपाकाची शेड. बहुतेक ठिकाणी वर्ग पहिली ते चौथी, आणि सगळा मिळून पट पन्नास-साठ पोरांचा.

हा पट म्हणजे शाळेचा जीव. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ सालच्या तक्त्यात प्राथमिक शाळेसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं गणित दिलेलं आहे. म्हणजे या तक्त्याप्रमाणे साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलामध्ये एका अख्ख्या शिक्षकाचं अंतर. दोन शिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतात. एका भिंतीकडे तोंड करून पहिली, दुसऱ्या भिंतीकडे दुसरी. त्यातल्या एकाला तालुक्याला बैठकीचं बोलावणं आलं, की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी सकाळी गावात येऊन पाच-सहा पोरं घेऊन गेली, की गुरुजींच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

त्यामुळे नव्या वर्षाची तयारी शाळा उघडायच्या कितीतरी आधी सुरू होते. 'गुढीपाडवा, पट वाढवा' ही घोषणा शिक्षकांच्या तोंडी बसलेली आहे. पाडव्याच्या सुमारास गुरुजी आणि बाई वस्त्यांवर फिरतात, अंगणवाडीतून यादी घेतात, सहा वर्षांचं होणारं मूल कुणाकडे आहे ते टिपतात. एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्वतयारी मेळावा भरतो. २०२२ पासून राज्यभर चालू असलेल्या या मेळाव्यात सात टेबलं मांडलेली असतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनात्मक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. पोरगं एका टेबलावर उडी मारून दाखवतं, दुसऱ्यावर मोठे-लहान खडे वेगळे करतं, तिसऱ्यावर चित्र बघून गोष्ट सांगतं. निरक्षर आईलाही त्या पाच मिनिटांत आपल्या लेकराला काय येतं आणि काय नाही, ते डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर सुट्टीभर गल्लीतल्या आया गटाने बसून मुलांकडून काय करून घेतात, ते जूनच्या मेळाव्यात कळतं.

पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडते तो दिवस प्रवेशोत्सवाचा. सजवलेल्या बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर नवी पोरं बसतात, पुढे लेझीम, डोक्यावर कागदी टोप्या. शाळेच्या दारात औक्षण होतं. रंगात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर पहिल्या पावलाचा ठसा उमटवतात आणि कोरी पुस्तकं हातात ठेवतात. जेवणात त्या दिवशी गोड असतं. मूल रडलंच, तर आईलाही वर्गात बसायची मुभा असते.

समितीत कोण बसतं

कार्यक्रमाची तारीख, खर्च आणि पाहुणे हे सगळं ठरतं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव म्हणून काम बघतात. कागदावर हे नीरस वाटतं. प्रत्यक्षात काल शेतात खुरपायला गेलेली बाई आज कपाटाच्या कोटेशनवर सही करते, आणि गेल्या महिन्यात खिचडीला तेल कमी का पडलं, हे मुख्याध्यापकांना विचारू शकते.

खिचडीचा विषय बैठकीत निघाल्याशिवाय राहत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. प्राथमिकच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ, आणि ताटात किमान ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. पण चव ठरते ती चुलीपाशी उभ्या असलेल्या मावशींच्या हातावर. कुणाच्या पोराचा वाढदिवस असला किंवा घरी मंगलकार्य झालं, की तो पालक एक दिवस शिरा किंवा पुरी-भाजी देतो. याला तिथीभोजन म्हणतात. गावात ज्यांच्या पंगती वेगवेगळ्या बसत आल्या, त्यांच्या घरची पोरं व्हरांड्यात एकाच रांगेत मांडी घालून बसलेली दिसतात.

दोन स्वातंत्र्यदिन

मुख्याध्यापकांच्या खोलीत वार्षिक नियोजनाचा तक्ता टांगलेला असतो. त्यातल्या बऱ्याच तारखा राज्यभर सारख्याच असतात. १ जुलैचा कृषिदिन, आषाढीची बालदिंडी, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. पुण्या-मुंबईच्या शाळांच्या तक्त्यात नसलेली एक तारीख मात्र इथे ठळक असते. १७ सप्टेंबर.

देश स्वतंत्र झाला तेव्हा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय फौजांच्या कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, म्हणजे इथलं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा उगवलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला मुलं पुन्हा एकदा इस्त्रीचा गणवेश घालून ध्वजवंदनाला उभी राहतात. या लढ्याशी शाळेचं नातं या जिल्ह्यात फार जवळचं आहे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढे ते अंबाजोगाईला गेले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. सतरा सप्टेंबरच्या कार्यक्रमात चौथीतली मुलगी पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणून टाकते, तेव्हा तिच्या भाषणातला लढ्याचा पुढारी एके काळी याच मुलखातला मास्तर असतो.

त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक तारीख येते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने शेजारच्या लातूर जिल्ह्याबरोबर इथल्या लोहारा-उमरग्याकडच्या गावांनाही गाडलं. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. सास्तूरसारख्या गावांत आज शिकणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांनी ते पाहिलेलं आहे. योगायोग असा, की ३० सप्टेंबरचाच पट संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्यासाठी, धरला जातो. तेव्हा ज्या दिवशी गाव गेलेल्यांना आठवतं, त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात पोरं मोजण्याची घाई चाललेली असते.

दोन खांब आणि मोकळं मैदान

दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदानाचे दिवस येतात. आधी केंद्रस्तर, मग तालुका, मग जिल्हा अशा चढत्या पायरीने स्पर्धा होतात. कबड्डी, लंगडी, धावणं आणि या जिल्ह्याचा हातखंडा असलेला खो-खो. खो-खोला लागतं काय? दोन खांब, फक्कीची रेघ आणि आळीपाळीने उलट तोंडांनी बसायला आठ गडी. काळ्या मातीत तासाभरात मैदान आखून होतं.

या साध्या खेळाने जिल्ह्याला मोठी माणसं दिली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे धाराशिवची. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. केंद्रस्तरीय सामन्यात एखादी चौथीतली पोर खांबाला वळसा घालून निसटते, तेव्हा रेघेबाहेरून ओरडणाऱ्या गावकऱ्यांना ही नावं तोंडपाठ असतात.

हिवाळ्यातलाच दुसरा गाजणारा कार्यक्रम म्हणजे आनंदनगरी, कुठे कुठे 'खरी कमाई'. पोरं घरून माल आणून दुकानं मांडतात. भेळ, भजी, पेरू, बोरं, मेथीच्या जुड्या, कुणाकडे शेतातला ताजा हुरडा. तिसरीतला दुकानदार वीस रुपयांची नोट हातात घेतो, बारा रुपयांची भेळ देतो आणि उरलेले किती, यावर थबकतो. गिऱ्हाईक म्हणून उभे असलेले गुरुजी मुद्दाम गप्प राहतात. मागून आई 'आठ!' असं कुजबुजते आणि गुरुजी तिच्याकडे बघून डोळे वटारतात. संध्याकाळी भांडवल किती, विक्री किती, नफा किती, हे प्रत्येक जण पाटीवर मांडतो. पाढे न येणारा पोरगा नफ्याचा आकडा मात्र बरोबर सांगतो.

कोयता निघाला की

तरी या सगळ्या वेळापत्रकाला एक फट आहे. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. फड कुठे पश्चिम महाराष्ट्रात, कुठे कर्नाटकात. मूल बरोबर गेलं की शाळा सुटली, मागे राहिलं की आजीच्या गळ्यात. त्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करतात. मूल आपल्याच शाळेत शिकतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण त्याला तिथे मिळतं. जे बरोबर जातं, त्याच्या आईबापाला शिक्षण हमी पत्रक देतात. ते दाखवलं की फडाजवळच्या शाळेने मुलाला वर्गात बसवून घ्यायचं.

म्हणून गॅदरिंगला सतरंजीवर आज्या जास्त दिसतात. एखादी आजी नातवाच्या नाचाला मोबाइल उभा धरून बसलेली असते. पलीकडे, कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीपुढे आईबाप व्हिडिओ कॉलवर ते बघत असतात. रेंज गेली की आजी फोन वर धरते, मग आडवा करते, आणि शेवटी शेजारच्या पोराच्या हातात देते. नाच संपल्यावर ती कनवटीची दहाची नोट काढून पुढे पाठवते. माइकवरून नाव पुकारलं जातं ते मुलाच्या बापाचं, कारण नोट देताना आजीने तेच सांगितलेलं असतं.

एप्रिलमध्ये टोळ्या परत येतात, तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची गडबड असते. ट्रॅक्टरमधून भांडी, गाठोडी, कोंबड्या उतरतात. त्या गाठोड्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर घडी घातलेलं हमी पत्रक असतं. त्याच आठवड्यात गुरुजी वस्तीवर येतात, पत्रक बघतात, मोठ्याची हजेरी विचारतात. मग आईच्या कडेवरून उतरलेल्या धाकट्याकडे बघून त्याची जन्मतारीख विचारतात आणि हातातल्या यादीत लिहून घेतात.