पडद्यावरचा राखीव गिअर

कसारा घाटात ट्रकमागे अडकलेली एसटी आठवा. ड्रायव्हर गिअर खाली टाकतो, इंजिन गुरगुरतं आणि बस हळूहळू ट्रकला मागे टाकते. मोटार शर्यतीच्या सिनेमातला नायकही नेमकं हेच करतो. शेवटची फेरी, शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्या, दोघांची नजरानजर. मग नायकाचा हात गिअरच्या दांड्यावर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि गाडी सुसाट पुढे. प्रेक्षागृहात शिट्ट्या.

आपल्याकडे मोटार शर्यती प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडी. फॉर्म्युला वनची भारतीय ग्रांप्री २०११ ते २०१३ अशी तीनदाच झाली, तीही ग्रेटर नोएडात. त्यामुळे या खेळाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते बरंचसं पडद्यावरून आलेलं आहे. त्यात खोट असणारच. गंमत एवढीच की, आपण शोधतो तिथे ती सापडत नाही. जे बघून आपण ‘छे, काहीही दाखवतात’ म्हणतो, ते अनेकदा खरंच घडलेलं असतं. आणि जे निमूट गिळतो, ते पटकथाकारानं टेबलाशी बसून रचलेलं असतं.

गैरसमज : जोरात पाय दाबला की मागची गाडी पुढे जाते

वस्तुस्थिती : सरळ पट्ट्यावर रेसिंग ड्रायव्हरचा पाय आधीच तळाला टेकलेला असतो. एसटीच्या ड्रायव्हरकडे ताकद शिल्लक असते, कारण त्याला गाडी वर्षानुवर्षं चालवायची असते. शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर ती शिल्लक ठेवणारा ड्रायव्हर फार दिवस नोकरीत राहत नाही. तिथे राखीव गिअर नसतो. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत तर तो दिमाखदार दांडाच नाही. २०१४पासून आठ गिअर आहेत आणि ते स्टिअरिंगमागच्या पट्ट्या बोटांनी ओढून बदलतात.

मग गाडी पुढे जाते कशी? बहुतेक वेळा अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हे, ब्रेकवर. वळण जवळ येतं तेव्हा कोण अधिक उशिरा ब्रेक मारूनही गाडी ताब्यात ठेवतो, त्यावर निकाल लागतो. त्याआधीच्या वळणातून कोण चांगला बाहेर पडला, कुणाचे टायर ताजे आहेत, पुढच्या गाडीनं ढवळलेल्या हवेत मागच्याची पकड किती सुटते, ही सगळी गणितं त्यामागे असतात. या ढवळलेल्या हवेमुळे पुढे जाणं इतकं अवघड झालं होतं, की २०११ ते २०२५ या काळात मागच्या गाडीला ठरावीक पट्ट्यात पाठीमागच्या पंखाची फळी उघडायची सवलत द्यावी लागली. पण हवा आणि टायरचं तापमान कॅमेऱ्यात दिसत नाही. पाय आणि दांडा दिसतो.

गैरसमज : ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ ही खरी गोष्ट, म्हणजे सगळं तसंच घडलं

वस्तुस्थिती : सांगाडा खरा आहे. १९६६च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या जीटी ४० गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावून फेरारीची सद्दी मोडली, हे खरं. केन माइल्स हा विक्षिप्त, कसलेला ड्रायव्हर आणि कॅरोल शेल्बी हा त्याचा पाठीराखा, हेही खरं. पण २०१९च्या या सिनेमात १९६५च्या ल माँमधून माइल्सला वगळलं जातं आणि तो गॅरेजमध्ये बसून शर्यतीचं रेडिओवरचं वर्णन ऐकतो. प्रत्यक्षात त्या वर्षी तो ब्रूस मॅक्लॅरनच्या जोडीनं तिथे फोर्डच चालवत होता. गिअरबॉक्सनं दगा दिला म्हणून ती गाडी बाद झाली. सिनेमात १९६६ला ल माँमध्ये बसून शर्यत पाहणारे आणि शेवटी माइल्सला मूक दाद देणारे, फेरारी कंपनीचे प्रमुख एन्झो फेरारी प्रत्यक्षात तिथे नव्हतेच. परगावच्या शर्यतींना जायची त्यांना सवय नव्हती.

सगळ्यात बोलका बदल डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आहे. सिनेमात माइल्सला इंजिनचे फेरे वाढवायची मुभा मिळते आणि तो अगदी अखेरीस, थरारक झुंजीत बाजी मारतो. म्हणजे तोच राखीव गिअर! खरी शर्यत माइल्स आणि लॉइड रुबी यांनी जिंकली ती आठ फेऱ्यांच्या फरकानं. दुसऱ्या क्रमांकाची गाडी आरशात दिसायचाही प्रश्न नव्हता. चोवीस तासांच्या शर्यतीत कौशल्य असतं ते ब्रेक, क्लच आणि इंजिन जपत, मनातली खुमखुमी दाबून गाडी हाकण्याचं. राखून चालवणं इथे असतं, पण ते गाडी शाबूत ठेवण्यासाठी. शेवटच्या क्षणी बाहेर काढायला नव्हे.

आता उलट बाजू. १९६६च्या ल माँमध्ये शेवटच्या घटकेला कंपनीच्या आग्रहावरून माइल्स वेग कमी करतो, तिन्ही फोर्ड एकत्र रेषा ओलांडतात, आणि बरोबरीऐवजी तो दुसरा ठरतो. अनेकांना हा प्रसंग मुद्दाम रचलेला वाटतो. तो खरा आहे. ब्रूस मॅक्लॅरन आणि ख्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला माइल्सच्या मागे उभी होती. चोवीस तासांत तिनं काही मीटर अंतर जास्त कापलं, म्हणून नियमानं ती पहिली. त्या वर्षी डेटोना आणि सेब्रिंग जिंकलेल्या माइल्सची तिसरी मोठी शर्यत अशी हातची गेली. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ला, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला नव्या गाडीची चाचणी घेताना तो मरण पावला.

गैरसमज : जेम्स हंट आणि निकी लाउडा एकमेकांचे हाडवैरी होते

वस्तुस्थिती : रॉन हॉवर्डच्या ‘रश’ या सिनेमानं २०१३मध्ये फॉर्म्युला वनच्या या दोन ड्रायव्हरांचं वैर जगभर पोचवलं. एक बेफिकीर, देखणा इंग्रज. दुसरा हिशेबी, तुसडा ऑस्ट्रियन. स्वभाव खरे, स्पर्धाही खरी. वैर मात्र पडद्यासाठी वाढवलेलं. खालच्या श्रेणीत धडपडत होते तेव्हापासून दोघांची मैत्री होती आणि लाउडानं ती कधी लपवली नाही. लाउडाच्या भाजलेल्या चेहऱ्यावरून खवचट प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला हंट बदडून काढतो, हा टाळ्यांचा प्रसंगही लेखकाचाच.

पण ज्या गोष्टी सिनेमासाठीच बेतल्यासारख्या वाटतात, त्यांची तारीखवार नोंद आहे. १ ऑगस्ट १९७६ला न्युर्बुर्गरिंगच्या जवळजवळ २३ किलोमीटर लांबीच्या मार्गावर लाउडाची फेरारी पेटली. सोबतच्या ड्रायव्हरांनी गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून ओढून काढलं. इस्पितळात पाद्र्यानं त्याच्यासाठी अखेरची प्रार्थनाही म्हटली. आणि सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, हा माणूस जखमांवर पट्ट्या बांधून मॉन्झाला शर्यतीत उतरला. चौथा आला! मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, फुजीच्या धुवांधार पावसात, दोन फेऱ्यांनंतर लाउडानं आपण होऊन गाडी थांबवली. हंट तिसरा आला आणि एका गुणानं जगज्जेता ठरला : ६९ विरुद्ध ६८. गाडीतून उतरल्यावर तो आपल्याच संघप्रमुखावर ओरडत होता, कारण विजेतेपद हुकलं अशी त्याची समजूत होती. कुणा पटकथाकारानं हे सगळं मनानं लिहून नेलं असतं, तर निर्मात्यानं कागद परत केले असते.

गैरसमज : मुद्दाम अपघात करून शर्यत जिंकणं हा निव्वळ फिल्मी मसाला

वस्तुस्थिती : २०२५च्या ‘एफ वन’मध्ये ब्रॅड पिटचा सनी हेज गाडी इथेतिथे घासतो, तुकडे मार्गावर पडतात, सेफ्टी कार बाहेर येते, सगळ्यांचा वेग कमी होतो आणि त्याच्या संघातल्या सहकाऱ्याचा फायदा होतो. जाणकारांनी नाकं मुरडली. पण यातली युक्ती इतिहासात आहे. २००८च्या सिंगापूर ग्रांप्रीत रेनॉच्या फर्नांडो अलोन्सोची सुरुवात पंधराव्या जागेवरून होती. त्यानं बाराव्या फेरीला टायर बदलले. चौदाव्या फेरीला त्याचाच सहकारी नेल्सन पिके ज्युनिअर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, बाकीच्यांची गणितं कोलमडली, अलोन्सो जिंकला. वर्षभरानं संघातून काढून टाकल्यावर पिकेनं सांगितलं, की तो अपघात ठरवून केलेला होता.

सिनेमा इथे कमी पडतो तो परिणाम दाखवण्यात. प्रत्यक्षात संघावर निलंबित शिक्षेची टांगती तलवार लटकली, संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे यांच्यावर बंदी आली (ती पुढे फ्रेंच न्यायालयानं उठवली), आणि त्या प्रकरणाचा डाग अजून पुसलेला नाही. सनीसारखा एकामागून एक शर्यतीत हे करणारा ड्रायव्हर पंचांच्या खोलीबाहेरच पडला नसता.

गैरसमज : साठीच्या घरातला माणूस फॉर्म्युला वनमध्ये येणं अशक्य, कारण वय

वस्तुस्थिती : केवळ वय म्हणाल, तर १९५१मध्ये लुइजी फाजोली ५३व्या वर्षी विजेता ठरला होता, फॅन्जिओबरोबर एकच गाडी वाटून घेऊन. अलोन्सो २०२५मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षीही धावत होता. खरी अडचण आहे ती खंडाची. सात वेळा जगज्जेता झालेला मायकेल शूमाकर फक्त तीन वर्षांच्या खंडानंतर २०१०मध्ये परतला आणि तीन मोसमांत मिळून एकदाच पहिल्या तिघांत आला. सनीचा खंड तीस वर्षांचा आहे. त्यावर मानेवरचा ताण हा वेगळाच विषय. जोरात ब्रेक लागतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट बल येतं; म्हणजे डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलोंचं वजन तीस किलोंच्या वर जाणवतं, तेही दर फेरीत अनेकदा. शिवाय लायसन्स आहेच : खालच्या श्रेणीतल्या मोसमांत पुरेसे गुण मिळवल्याशिवाय सुपर लायसन्स हातात पडत नाही.

गैरसमज : गाडी आदळली की पेटणारच

वस्तुस्थिती : लाउडाच्या काळात ही भीती खरी होती. आता इंधन लवचीक, न फाटणाऱ्या पिशवीत, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या मजबूत कवचात असतं; आग क्वचितच लागते. म्हणूनच २०२०मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली, तेव्हा जग श्वास रोखून बसलं. जवळजवळ अर्ध्या मिनिटानं तो स्वतः आगीतून बाहेर आला. हात भाजलेले, जीव शाबूत. डोक्याभोवतीच्या ज्या ‘हेलो’ कड्यानं त्याला वाचवलं, त्याला त्यानंच पूर्वी विरोध केला होता.

गैरसमज : माहितीपट म्हणजे निखळ सत्य

वस्तुस्थिती : कापाकापी तिथेही असतेच. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना याच्यावरचा असिफ कपाडिया यांचा ‘सेना’ हा २०१०चा माहितीपट खऱ्या चित्रणातून घडला आहे. तरीही त्यातला सेनाचा प्रतिस्पर्धी अ‍ॅलन प्रॉस्ट खलनायकाकडे झुकतो. आयर्टन सेनाशी आपला नंतर झालेला समेट त्यात आला नाही, ही प्रॉस्टची खंत. सेनाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हाच प्रॉस्ट होता. ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेत नसलेली भांडणं रंगवतात, असं म्हणून ड्रायव्हर मॅक्स व्हरस्टॅपेननं काही काळ मुलाखत द्यायलाच नकार दिला होता.

गैरसमज : खरा मार्ग, खऱ्या गाड्या, खरा वेग असला की सिनेमा खरा होतो

वस्तुस्थिती : १९६६च्या ‘ग्रांप्री’चं चित्रण खऱ्या शर्यतींच्या दिवसांत झालं, नायक जेम्स गार्नरनं गाडी स्वतः चालवली, पण त्याच्या हाताखालची गाडी खालच्या श्रेणीतली, वरून फॉर्म्युला वनचा साज चढवलेली. ‘एफ वन’मध्येही तेच. पिटची गाडी आतून फॉर्म्युला टू.

तडजोड न करण्याचा हट्ट धरला तो अभिनेता स्टीव्ह मॅकक्वीननं. तो हौशी नव्हता. १९७०मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत तो जोडीदारासह दुसरा आला होता. त्याच वर्षीच्या ल माँ शर्यतीत त्याच्या चमूनं कॅमेरे बसवलेली पोर्शे चक्क स्पर्धक म्हणून उतरवली. नंतर खऱ्या वेगानं चित्रण चालू असताना अपघातात डेव्हिड पायपर या ड्रायव्हरला पाय गमवावा लागला. १९७१मध्ये त्याचा ‘ल माँ’ हा सिनेमा आला. पहिला अर्धा तास त्यात जवळजवळ संवादच नाहीत. इंजिनं, वारा, पाऊस. शर्यतवेडे आजही त्याची पारायणं करतात. तेव्हा मात्र तो पडला.

पण या सर्वांत प्रामाणिक सिनेमाचा शेवट बघा. अखेरच्या फेरीत गाड्या एकमेकींना भिडलेल्या, मॅकक्वीनची चढाओढ, सेकंदांचा खेळ. ज्या १९७०च्या शर्यतीचं चित्रण त्यात आहे, ती हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी प्रत्यक्षात पाच फेऱ्यांनी जिंकली होती. शेवटी मॅकक्वीनलाही राखीव गिअर टाकावाच लागला.

हाच हेरमान आदल्या वर्षी, १९६९ला, त्याच मार्गावर चोवीस तास झुंजून हरला होता. जॅकी इक्स त्याच्यापुढे होता फक्त १२० मीटरच्या आसपास. शेवटच्या फेऱ्यांत दोघं आलटून पालटून पुढे येत होते आणि त्यासाठी कुणाला काही लिहावं लागलं नव्हतं. मॅकक्वीनला हवा होता तो शेवट घडून गेला होता. त्याचा सिनेमा एक वर्ष उशिरा पोचला.