पडद्यावरील पृथ्वी आणि आपलें गांव

संगणक कांहीं वेळ स्वस्थ राहिला म्हणजे त्याच्या पडद्यावर आपोआप चित्रें फिरूं लागतात. त्यांस स्क्रीनसेव्हर म्हणतात. जुन्या फुगीर काचेच्या पडद्यास आंतून चकाकणारा लेप असे. एकच चित्र फार काळ राहिलें तर तो लेप त्या जागीं झिजून कायमचा डाग उमटे, म्हणून हा उपाय निघाला. आजच्या सपाट पडद्यांस त्याची फारशी गरज नाहीं, आणि वीज वांचवावयाची तर पडदा बंद करणेंच उत्तम. मग हा खेळ कशास, असें पालक विचारतील. परंतु त्यांपैकीं एक चित्र भूगोलाचा असा धडा देतें कीं, तो भिंतीवरील नकाशापासून मिळणें कठीण.

तें काढणाऱ्या कार्यक्रमाचें नांव एक्सप्लॅनेट. लिनक्स चालणाऱ्या संगणकावर तो विनामूल्य मिळतो, आणि जेमी झेविन्स्की यांनीं १९९२ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या एक्सस्क्रीनसेव्हर ह्या संचास जोडतां येतो. चित्र कसें हवें तें टर्मिनल नांवाच्या खिडकींत आज्ञा लिहून सांगावयाचें. प्रथम कार्यक्रमाचें नांव. मग एक आडवी रेघ, तिला चिकटून 'लॅटिट्यूड' हा शब्द व पुढें जागा सोडून २१.०५, पुन्हां तशीच रेघ, 'लाँजिट्यूड' व ७६.५३, शेवटीं रेघ, 'वेट' व ६०, म्हणजे दर साठ सेकंदांनीं चित्र नवें होतें. सर्व मजकूर लहान रोमन अक्षरांत व इंग्रजी आंकड्यांत लिहावा.

हे अंक दिले नाहींत तर यंत्र अक्षांश व रेखांश दोन्ही शून्य धरतें, आणि मध्यभागीं आफ्रिकेलगतचें गिनीचें आखात येतें! जळगाव म्हटलें कीं पुष्कळांस खानदेशांतलेंच आठवतें. तें आपल्या पश्चिमेस जवळजवळ एक अंश असल्यानें तेथें सूर्य सुमारें चार मिनिटें उशिरां मावळतो. आंकड्यांचा असा घोटाळा होत नाहीं.

आतां सायंकाळीं पाहावें. सातपुड्याच्या पायथ्याशीं आपल्याकडे सूर्य बुडत असतां पडद्यावर उजेड व अंधार यांची सीमा बरोबर मध्यावरून, म्हणजे आपल्या गांवावरून, गेली पाहिजे. ती फार दूर असेल तर संगणकाचें घड्याळ तपासावें. जूनअखेर ही रेघ सरळ उभी नसते. तिचें वरचें टोंक सुमारें २५ अंश पूर्वेकडे झुकतें, उत्तर ध्रुव उजेडांतच राहतो, आणि आपला दिवस मोठा कां, हें डोळ्यांनीं दिसतें. डिसेंबरांत तीच रेघ पश्चिमेकडे कलते. शिक्षकांनीं फळ्यावर कितीही वर्तुळें काढलीं तरी हा कल इतका ठसत नाहीं, असें आमचें मत आहे.

अक्षांश-रेखांश काढून त्यांच्या जागीं 'ओरिजिन' व 'मून' हे शब्द घातले तर चंद्रावरून दिसणारी पृथ्वी येते. ती अमावास्येस पूर्ण उजळलेली असते आणि पौर्णिमेस काळोखी.