दिल्लीकरांचं बंदर

मयूर विहार, दिल्ली
जानेवारी

डिसेंबर लागला की ठाण्याहून बहिणीचा फोन ठरलेला. "यंदा येताय का क्रूझला? सकाळी गाडी काढायची, मुंबई बंदरात बोटीत बसायचं, दोन दिवस पाण्यावर." तिला बंदर तासाभरावर आहे. आमच्याकडून जवळात जवळचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त जावं लागतं. दिल्लीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या कोकणी माणसालाही हिवाळ्यात खाऱ्या वाऱ्याची आठवण येते. ती फक्त आम्हालाच येते असं नाही. मयूर विहार फेज वनमध्ये उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे आणि आजूबाजूला मल्याळी बिऱ्हाडं बरीच. रविवारी मासळीच्या दुकानात सुरमई आली की त्यांची नि आमची गाठ पडते. ताजी आहे की बर्फातली, एवढ्यावरून आमचं बोलणं थेट आपापल्या किनाऱ्यापर्यंत जातं.

तरीही गेली काही वर्षं दर हिवाळ्यात आम्ही बोटीत बसतो. आमचं बंदर चंबळेवर आहे. आग्रा जिल्ह्यातल्या बाह तालुक्यातला हा नंदगवां घाट. सकाळी निघालं तर दुपारचं जेवण नदीकाठी होतं.

दारात यमुना असताना इतक्या लांब कशाला, असं मराठी वाचकाला वाटेल. त्यासाठी आधी आमच्या दाराबद्दल सांगायला हवं. मयूर विहार यमुनेच्या पूर्वेला आहे. जुने दिल्लीवाले या भागाला 'जमनापार' म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा सूर जरा उतरतो. मराठी बखरींत आणि पत्रांत गंगा-यमुनेमधल्या याच मुलखाला अंतर्वेद म्हटलेलं आहे. मला तोच शब्द आवडतो. नदीच्या पात्रालगतच्या सपाट जमिनीला इथे खादर म्हणतात. आमच्या चिल्ला खादरमध्ये लोक भाजी पिकवतात. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली, आजवरची सर्वांत उंच पातळी. तेव्हा खादरातली कुटुंबं गुरंढोरं घेऊन आमच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहिली होती. म्हणजे नदी पावसाळ्यात घरापर्यंत येते. उरलेल्या वर्षात मात्र तिच्याजवळ जाववत नाही. वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतला जेमतेम बावीस किलोमीटरचा टप्पा, १,३७६ किलोमीटरच्या यमुनेचा दोन टक्केही नाही, पण तिच्यातल्या घाणीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग इथेच मिसळतो. वझिराबादच्या बंधाऱ्यावर शहरासाठी पाणी उचललं जातं आणि खाली जे वाहतं ते बहुतांशी नाल्यांचं असतं. दिवाळीनंतर कालिंदी कुंजजवळ साबणाच्या फेसाचे ढीग तरंगतात. छठच्या दिवशी त्या फेसात कमरेएवढं उभं राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या श्रद्धेपुढे मान झुकते आणि त्याच वेळी पोटात कालवतं. यमुनेच्या काठी राहणाऱ्या आम्हा पूर्व दिल्लीकरांच्या नळाला पाणी येतं ते गंगेचं, मुरादनगरजवळ कालव्यातून घेतलेलं.

यमुनेत बोट नाहीच असं नाही. कश्मीरी गेटजवळच्या यमुना बाजार घाटावर हिवाळ्यात पहाटे नावाडी लोकांना फिरवतात. उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी शेकड्यांनी होडीभोवती घिरट्या घालतात, लोक त्यांना शेव टाकतात. धुक्यात ते दृश्य फार सुंदर दिसतं. मात्र पाण्यात हात घालावासा कुणालाच वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये सोनिया विहार ते जगतपूर क्रूझ सुरू करण्याचा करारही झाला. तो टप्पा वझिराबादच्या वर आहे, म्हणजे मोठे नाले मिळण्याआधीचा. बोट चालवायला दिल्लीने नदीचा नेमका तोच तुकडा निवडला, यातच सगळं आलं.

तर, चंबळ.

निघण्याची वेळ ठरवावी ती धुकं पाहून. किनाऱ्यावरच्या माणसाला धुकं म्हणजे काय ते उत्तरेत आल्यावर कळतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे दहा हातांवर आले तरी दिसत नाहीत. १६५ किलोमीटरच्या यमुना एक्स्प्रेसवेवर १५ डिसेंबरपासून १५ फेब्रुवारीपर्यंत वेगमर्यादा खाली आणलेली असते. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना मी हात जोडून सांगते, पहाटे निघू नका. चंबळेतल्या सुसरींनाही घाई नसते. आग्र्याहून फतेहाबादमार्गे बाह साधारण सत्तर किलोमीटर. दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं, मोहरीचा पिवळा, मध्येच शीतगृहांच्या बिनखिडक्यांच्या भिंती. मग जमीन एकाएकी फाटते. मातीच्या उभ्या घळी, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. हेच ते बीहड.

वाटेत आम्ही बटेश्वरला थांबतो. यमुनेच्या वळणावर ओळीने शिवमंदिरं आहेत, भदावरच्या राजांच्या काळातली. अटलबिहारी वाजपेयींचं हे मूळ गाव. घाटावर उभं राहिलं की समोर येते ती दिल्ली, मथुरा आणि आग्रा अंगावर घेऊन आलेली यमुना, संथ आणि गढूळ. तिथून अर्ध्यापाऊण तासात नंदगवांच्या उतारावरून खाली उतरलं की चंबळ दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी काही वेळ बोलूच शकले नाही. निळसर हिरवं पाणी, काठाशी तळाची वाळू स्वच्छ दिसते, पलीकडे मध्य प्रदेश. एकाच दिवशी पाहिलेल्या या दोन नद्या. खाली इटावा जिल्ह्याच्या टोकाला, पाच नद्या मिळतात त्या पचनद्याला, यातली एक दुसरीत शिरणार आहे.

आणि ही चंबळ येते कुठून? इंदूरजवळ महूच्या जानापाव डोंगरातून, म्हणजे होळकरांच्या मुलखातून. यमुनेत पुन्हा जीव येतो तो तिच्यामुळे. प्रयागच्या संगमावर आपले लोक यमुना म्हणून ज्यात डुबकी मारतात, त्यात माळव्याचं पाणी बरंच असतं. मराठी फौजांना ही नदी पाठ होती. फेब्रुवारी १७३७ मध्ये बाजीराव याच टापूत होते. पैलतीरावरच्या अटेरला वेढा घालून त्यांनी भदावरच्या राजाकडून खंडणी घेतली आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या वेशीवर, कालकाजीच्या देवळाशी, जाऊन थडकले. पानिपतानंतर जी माणसं वाचली त्यांना चंबळ ओलांडून ग्वाल्हेर गाठल्यावरच हायसं वाटलं असेल. मे १९६० मध्ये गागोद्याचे विनोबा याच घळींतून पायी फिरले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. इथे डाकू शब्द वापरत नाहीत. नावाड्यानेच मला पहिल्या खेपेला तंबी दिली होती, "बागी कहिए, दीदी."

होडी साधी, वर कापडी छत, मागे लहान इंजिन. गर्दी असते ती पक्ष्यांची. पट्टकादंब हंस, चक्रवाकाच्या केशरी जोड्या, आणि वाळूच्या टोकावर पाणचिरे. पाणचिऱ्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो उडत जातो, आणि मागे पाण्यावर खरोखरच चीर उमटते. सूंस, म्हणजे गंगेतला डॉल्फिन, इथेही आहे. राखाडी पाठ क्षणभर वर येते, फुस्स आवाज होतो, आणि आपण बोट दाखवेपर्यंत पाणी मिटलेलं असतं. मराठीत सुसर म्हणतो ते मात्र घडियाल. ती अकराच्या सुमारास वाळूवर येऊ लागते. "धूप खुलने दो, सब निकलेंगे," असं नावाडी म्हणतो. सुसरीचं रक्त थंड, तिला उन्हाशिवाय अंग तापवता येत नाही. म्हणून सुसर पाहायची तर हिवाळ्यात.

यंदा इंजिन बंद करून नावाड्याने होडी वाहू दिली आणि आम्ही एका नराच्या वीसेक हातांवर आलो. बोटीएवढा लांब. अरुंद चिमट्यासारखा जबडा, एकमेकांत अडकलेले शंभराहून जास्त बारीक दात, आणि नाकाच्या टोकाशी मडक्यासारखा फुगवटा. त्याला घडा म्हणतात, आणि घडियाल हे नाव त्यावरूनच. तो आम्हाला पाहून हलला नाही. मोठ्या सुसरीला जमिनीवर पोट उचलून चालता येत नाही, ती सरपटत पाण्यात शिरते. खाते मुख्यतः मासे. तिला वाहतं खोल पाणी हवं, अंड्यांसाठी कुणी न खणलेली वाळू हवी. १९७०च्या दशकात देशात मोठ्या सुसरी दोनशेहूनही कमी उरल्या होत्या. १९७५ मध्ये मगर प्रकल्प आला, १९७९च्या सुमारास तीन राज्यांत मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य झालं, आणि आज रानात असलेल्या सुसरींपैकी बहुतेक या एका नदीत आहेत.

ही नदी वाचली कशी? नावाडी म्हणाला, शापामुळे. जुनी चर्मण्वती ती हीच. रंतिदेवाच्या यज्ञातल्या पशूंच्या कातड्यांतून ती निघाली, द्रौपदीने तिला शाप दिला, अशा कथा इथे सांगतात. म्हणून हिच्या काठी मोठी तीर्थं फारशी नाहीत, स्नानाचे घाट कमी, निर्माल्यही कमी. बीहडात वस्ती विरळ, कोट्यानंतर काठावर मोठं शहर नाही. जिला लोक भ्याले ती नदी निर्मळ राहिली आणि जिला आई म्हटलं तिच्यात गटारं सोडली. परतताना मनात हेच घोळत राहतं. मला यमुनेची पूजा थांबवायची नाही. पण आधी नाले थांबले पाहिजेत, आणि वझिराबादच्या खाली नदीसाठी म्हणून वेगळं पाणी सोडलं पाहिजे. नदी कशी दिसते ते ज्या दिल्लीकराने कधी पाहिलंच नाही, तो हे मागणार कसं? म्हणून प्रत्येकाने एकदा तरी नंदगवांला यावं.

चंबळेवरही संकटं आहेत. वाळूचे ट्रॅक्टर रात्री पात्रात उतरतात. आणि २००७-०८च्या हिवाळ्यात इथे शंभराहून जास्त सुसरी मेल्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. बहुतेक मृत्यू यमुनेच्या संगमाजवळच्या टप्प्यात झाले, म्हणून तज्ज्ञांचा संशय यमुनेतून आलेल्या विषारी माशांवर गेला. म्हणजे आमच्या संडास-मोऱ्यांचं, आमच्या कारखान्यांचं पाणी इतक्या लांब येऊन या प्राण्यांच्या पोटात शिरलं असण्याची शक्यता आहे. नावाड्याला ती थंडी आठवत होती. "पानी में उलटे पड़े थे," एवढंच म्हणाला आणि इंजिन सुरू केलं.

तीननंतर ऊन उतरतं, वाळूवरचे एकेक पाण्यात शिरतात. आम्ही आग्र्यात गजक घेतली आणि धुकं जमायच्या आत एक्स्प्रेसवेला लागलो. मुलाने दिवसभर होडीच्या कडेवरून पाण्यात हात सोडला होता, शर्टाची बाही अजून ओलसर होती. नोएडापर्यंत त्याने काच उघडी ठेवली, गार वारा हवा म्हणून. चिल्ल्याच्या नाक्याआधी, नदीच्या बाजूने तो ओळखीचा वास आला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने काच वर केली.