द्वेषाच्या मुळाशी भीती

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवायला बजावले. एप्रिल २०२३ मध्ये हा आदेश सर्व राज्यांना लागू झाला. तरीही प्रत्येक निवडणुकीत तोच वाद उभा राहतो: झोंबणारी टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो? याचा विचार करताना ‘द्वेष’ या शब्दाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

पाणिनीय धातुपाठ त्याच्या ‘द्विष्’ या मूळ धातूचा अर्थ ‘अप्रीती’ एवढाच देतो. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचे नाते भीतीच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. ग्रीकमधला ‘डाइनोस’, म्हणजे भयंकर, त्याच कुळातला. १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यावरूनच ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच क्लेशांत सुखामागून राग येतो आणि दुःखामागून द्वेष. तिथे राग म्हणजे रंगून जाणे, आसक्ती. मराठीत रागाचा संताप झाला आणि मूळची विरुद्धार्थी जोडी, रागद्वेष, समानार्थी वाटू लागली. आपला गोंधळ इथेच होतो. राग कृत्यावर येतो. चूक सुधारली, माफी मागितली की निवळतो. द्वेषाला समोरच्याचे असणेच खुपते, म्हणून तो कशानेच निवळत नाही.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. संस्कृतात ‘घृणा’ म्हणजे करुणाही होती. आज आपण तो शब्द किळस या अर्थाने वापरतो. पण इथे पुरावा केवळ व्युत्पत्तीचा नाही. विधी आयोगाने द्वेषमूलक भाषणांवरच्या मार्च २०१७ च्या २६७व्या अहवालात दोन नवी कलमे सुचवली. त्यांतले एक भीती व घबराट निर्माण करणाऱ्या वक्तव्यांविषयी होते. बोलणाऱ्याच्या मनातली भीती अशा भाषणातून ऐकणाऱ्यांत पसरते आणि ज्यांच्याविषयी ते असते, त्यांना दाराबाहेर पडणे अवघड होते. म्हणून भाषा किती तिखट होती, यावर गुन्हा ठरू नये. सरकारवर, धर्ममार्तंडांवर, पुढाऱ्यांवर जनतेने संतापून बोलावेच. तो लोकशाहीतला हक्क आहे. कायद्याने पाहायचे ते एवढेच: या शब्दांनी कोणाचे शेजारी म्हणून जगणे धोक्यात आले का? आले असेल, तर भाषा कितीही गोड असो, तो द्वेषच.